पाटी बदलली, यादी राहिली

१९९३च्या सप्टेंबरात पोलंडमधील जुन्या कम्युनिस्टांची आघाडी निवडणूक जिंकल्याची बातमी आली, तेव्हा सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या शेजारच्या काकांनी पेपर घडी करत विचारले होते, "नाव बदललं, झेंडा बदलला, मग परत आलं ते काय?" ते यंत्रमागावर राबत आणि उरलेला वेळ लाल बावट्याला देत. उत्तरही त्यांनीच दिले, "यादी. पक्षाकडं कुठल्या घरात कोण राहतंय, त्याची यादी राहिली असणार."

हे उत्तर बरेचसे खरे होते. जानेवारी १९९०च्या ज्या अधिवेशनात पोलंडच्या सत्ताधारी पक्षाने आपले विसर्जन केले, तेथेच सोशल डेमोक्रॅट नावाचा नवा पक्ष उभा राहिला आणि त्याची सूत्रे पस्तिशीतील अलेक्झांडर क्वाश्न्येव्स्की यांच्याकडे गेली. विचार गेला, पण गावोगावचे कार्यकर्ते आणि कारभाराचा अनुभव शाबूत राहिला. अर्थात, संघटनेपेक्षा विरोधकांची फाटाफूट अधिक कामी आली, असे मला वाटते. १९९३मध्ये या आघाडीला मते जेमतेम वीस टक्के होती, परंतु उजवे पक्ष तुकड्यातुकड्यांत लढून, संसदेत जागा मिळवायला किमान पाच टक्के मते हवीत या अटीखाली अडकल्यामुळे ४६०पैकी १७१ जागा तिच्या पदरात पडल्या. दोन वर्षांनी क्वाश्न्येव्स्कींनी कम्युनिस्टविरोधी कामगार चळवळीचे नेते लेक वालेंसा यांना हरवून राष्ट्राध्यक्षपद मिळवले, आणि कम्युनिस्ट सरकारात युवक खाते सांभाळलेल्या याच माणसाच्या कारकिर्दीत, १९९९मध्ये, पोलंड नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीत गेला.

हंगेरीत तर १९९४मध्ये जुन्या पक्षाच्या समाजवादी वारसाला स्पष्ट बहुमत मिळाले. महागाई आणि बेकारीने गांजलेल्यांनी ज्यांना मते दिली, त्यांच्याच अर्थमंत्र्याने, लायोश बोक्रोश यांनी, पुढच्या मार्चमध्ये सरकारी खर्चाला कात्री लावली. गिरण्यांचे भोंगे बंद पडताना पाहिलेल्या सोलापूरकराला यातील चटका वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पोलंडमधील आघाडीने २००१मध्ये ४१ टक्के मते घेतली, पण भ्रष्टाचाराच्या प्रकरणांनी पोखरून २००५मध्ये ती ११ टक्क्यांवर आली आणि २०१५मध्ये संसदेबाहेर पडली.

चेक कम्युनिस्टांनी मात्र नावातील 'कम्युनिस्ट' हा शब्द सोडला नाही, आणि तरीही ते तीन दशके संसदेत टिकले. सोव्हिएतकाळानंतर प्रथमच, २०१८मध्ये, त्यांनी एका सरकारला बाहेरून आधार दिला. त्या सरकारचे पंतप्रधान आंद्रेय बाबिश हे अब्जाधीश उद्योगपती होते. पुढच्याच निवडणुकीत, २०२१मध्ये, तीच पाच टक्क्यांची अट या कम्युनिस्टांनाही पार करता आली नाही.