क्वीन मेरी बघावी की वॉलमार्ट गाठावं?

आमचं कंटेनर जहाज कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला लागलं होतं आणि बडा साबनी, म्हणजे चीफ इंजिनीअरनी, संध्याकाळपर्यंत सुट्टी दिली होती. सगळ्यांचा बेत ठरलेला: व्हॅन पकडून वॉलमार्ट, पोरांना चॉकलेटं, मग घरी व्हिडिओ कॉल. मला मात्र क्वीन मेरीला जायचं होतं, म्हणजे इथे कायमची उभी असलेली, आता हॉटेल झालेली जुनी प्रवासी बोट बघायला.

"काय ओ तीन साब, पैसे भरून जहाज बघायचं? मग आपण रोज काय बघतो?" मोटरमनकाका म्हणाले. तीन साब म्हणजे मी, थर्ड इंजिनीअर; काका जहाजाच्या इंजिनावरचे कामगार. गुहागरचे, उभी हयात इंजिन रूममध्ये गेलेली.

प्रश्न रास्त होता. १९६७ मध्ये ही बोट इथे आली आणि हॉटेल करताना तिचे सगळे बॉयलर आणि पुढची इंजिन रूम काढून टाकली. कोस्ट गार्डने तिला चक्क इमारत ठरवलं. पोटातलं काढून घेतलेल्या जहाजात आपल्यासारख्यांनी काय बघायचं? आणि 'बोटीवर भुतं आहेत' म्हणून काढलेल्या टूरला माझ्याकडून एक डॉलर मिळणार नव्हता.

पण मागची इंजिन रूम जागेवर आहे हे माहीत होतं. ही बोट चालायची त्या वाफेवरच्या स्टीम टर्बाइनबद्दल मी फक्त एमईओच्या (जहाजावरच्या इंजिनीअरची परीक्षा) ओरलपुरतं घोकलेलं, हात कधी लावला नव्हता. निर्णय तिथेच झाला. काकाही कुरकुरत आले.

वरचे लाकडी पॅनेल, बार, सलून आम्ही भराभर ओलांडले. खाली मात्र काका थांबले ते हलेचनात. कंट्रोल प्लॅटफॉर्मवर व्हॉल्व्हची मोठाली चाकं, वर डायलच डायल. १९३६ सालचं मशीन, चार प्रोपेलरवर मिळून १,६०,००० हॉर्सपॉवर! आमच्या जहाजावर एकच डिझेल इंजिन, एकच प्रोपेलर. काकांनी मान वर करून पाइपलाइन न्याहाळली आणि म्हणाले, "बॉयलर चालू असताना हितं उभं ऱ्हायचं म्हंजे..." पुढे बोललेच नाहीत. जुलै १९४३ च्या एका फेरीत या बोटीवर १६,६८३ माणसं होती, बहुतेक अमेरिकी सैनिक. त्यांच्यासाठी इथे कोणीतरी वॉच (इंजिनावरची पाळी) करत होतंच की.

पुढे जहाजाच्या हलला (बाहेरच्या अंगाला) एक पेटी बांधून आत प्रोपेलर दाखवलाय, पाण्यातच. ड्राय डॉकशिवाय, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेतल्याशिवाय, प्रोपेलर इतक्या जवळून बघायला मिळत नाही. तेवढ्यासाठीही तिकीट वसूल.

सगळ्यात भारी गोष्ट धुराड्यांची. इथे आल्यावर ती उतरवली तेव्हा पत्रा गंजून गेलेला, वर्षानुवर्षं चढवलेल्या रंगाच्या थरांनीच आकार धरून ठेवलेला. आज दिसतात ती नवी, ॲल्युमिनियमची.

हे ऐकून काका इतके खूश, की परतल्यावर पहिले बोसनकडे गेले. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रंगकाम त्याच्याकडे. बोसन म्हणाला, "बघा! आणि चीफ ऑफिसर मला विचारतो, एवढा पेंट कशाला लागतो!"