सिएराचा फर्मा कधी कापायचा

पुण्याच्या नाना पेठेत आमचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. तयार कव्हरं आणून विकणारे आजूबाजूला बरेच आहेत, आम्ही शिवून देतो. शिवायचं म्हटलं की प्रत्येक मॉडेलचा फर्मा, म्हणजे कापडाचे तुकडे कापायचा साचा, वेगळा. पुढच्या दोन सीटा, मागचा बाक, हेडरेस्ट, आर्मरेस्ट, सगळ्यांचे तुकडे आधी पुठ्ठ्यावर कापायचे, एक नमुना शिवून गाडीत चढवून बघायचा, चुणी पडेल तिथे खडूने खूण करून परत उसवायचा. हल्ली पुष्कळ गाड्यांत सीटच्या कुशीत एअरबॅग असते. त्या बाजूची शिवण अशी घालावी लागते की एअरबॅग फुगलीच तर तीच शिवण आधी उसवली पाहिजे. हे सगळं जमून एक फर्मा पक्का व्हायला आमच्या शिवणाऱ्या मास्तरांचे तीन-चार दिवस जातात. वर रेक्झिन आणि फोम आगाऊ भरून ठेवायचा तो वेगळा.

त्यामुळे कुठल्या गाडीचा फर्मा आधी कापायचा, हा आमच्या धंद्यात पैशांचा प्रश्न आहे. 2023 मध्ये तो मी चुकवला. एक नवीन मॉडेल आलं होतं, त्याचं नाव इथे लिहीत नाही. चहाच्या टपरीपासून मोबाईलपर्यंत जिथे तिथे त्याचीच चर्चा होती. मी फर्मा करून घेतला, दोन रंगांत तीस संच शिवून ठेवले. वर्ष संपलं तेव्हा त्यातले निम्म्याहून जास्त पोटमाळ्यावरच होते.

त्या दिवाळीत माझी भाची आली होती. ती संख्याशास्त्र शिकते. पोटमाळ्यावरचे गठ्ठे बघून म्हणाली, "मामा, लोक काय बोलतात ते तुम्ही ऐकता. ते काय शोधतात ते कधी बघितलंय का?" आणि तिने गुगल ट्रेंड्स उघडून दिलं, गुगलवर कुठल्या नावाचा शोध कधी वाढला-घटला ते दाखवणारं. फुकट आहे, 2004 पासूनचं सगळं त्यात आहे, एका वेळी पाच नावं शेजारी ठेवून तुलना करता येते. मला वाटलं, सुटला प्रश्न.

तो सुटायला दोन वर्षं लागली.

पहिल्याच संध्याकाळी मी टाटाच्या 'पंच' गाडीसाठी इंग्रजीत नुसतं 'पंच' लिहिलं. आलेख भरभक्कम आला. भाची म्हणाली, यात गाडी किती आणि बाकीचं किती? मुष्टियुद्धातला ठोसा आहे, कागदाला भोकं पाडायचं यंत्र आहे, सरबताचा पंच आहे. एकच शब्द, पण शोधणारे चार ठिकाणचे. त्यावर दोन उपाय असतात. नाव लिहिताना खाली जी यादी येते तिच्यात नुसता शब्द न निवडता 'मोटारगाडी' असा विषय निवडायचा, किंवा वरच्या वर्गवारीत वाहनांचा विभाग लावायचा. विषय निवडला की स्पेलिंग चुकवून लिहिणारेही त्यात येतात. महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या वेळी याचा उपयोग कळला. 26 नोव्हेंबर 2024 ला ती 'बीई 6ई' म्हणून आली. 'सिक्स ई'वर इंडिगो विमान कंपनीने हरकत घेतली आणि थोड्याच दिवसांत तिचं नाव 'बीई 6' झालं. नुसत्या शब्दावर भिस्त ठेवली असती तर एका नावाचा आलेख पडलेला आणि दुसऱ्याचा चढलेला दिसला असता. गाडी मात्र तीच.

दुसरी अडचण आकड्यांची. तिथे उभ्या रेषेवर शंभरपर्यंत आकडे असतात. ते शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत, शंभर टक्केही नव्हेत. आपण जो काळ आणि जो प्रदेश निवडतो, त्यातला सगळ्यात उंच बिंदू शंभर धरतात आणि बाकीचे त्याच्या मानाने. काळ बदलला की तेच आठवडे वेगळा आकडा दाखवतात. किती जणांनी शोधलं हे तिथे कळतच नाही. त्या भागातल्या एकूण शोधांपैकी या गाडीचा वाटा किती, एवढंच कळतं. म्हणूनच शहरांच्या यादीत एखादं तालुक्याचं गाव पुण्याच्या वर दिसतं. मी ते बघून तिकडच्या दुकानदाराला फोन लावायला निघालो होतो. भाचीने थांबवलं. त्या गावात मुळात शोध कमी होतात, त्यातले थोडे या गाडीचे असले तरी वाटा मोठा दिसतो. शिवाय हे सगळं नमुना घेऊन काढलेलं असतं, त्यामुळे आज आणि उद्या तोच प्रश्न विचारला तर आकडे थोडे इकडेतिकडे होतात. दोन-तीन अंकांच्या फरकावर रेक्झिनची ऑर्डर द्यायची नाही, हे तेव्हा ठरवलं.

सरावासाठी तिने मला टाटाच्या नॅनोचा आलेख काढायला लावला. ज्या गाडीची आखणी आपल्या पुण्यात झाली, जी 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दाखवली आणि जगभर गाजली, तिचं पुढे काय झालं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सानंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती, विक्री तिथपर्यंत कधी गेली नाही आणि 2018 मध्ये उत्पादन थांबलं. आलेख बघताना माझ्या लक्षात आलं की शोधणाऱ्यांत गाडी घेणारा किती होता कोण जाणे. लाख रुपयांत मोटार कशी होते हे बघायला आलेले शाळकरी पोर, पत्रकार, परदेशातले लोक, सगळे त्याच रेषेत. मास्तरांना सांगितलं तर ते मशीनवरून मान न वळवता म्हणाले, "बघणारे शंभर, घेणारे चार, आणि त्यातला कव्हर शिवणारा एक. आपल्याला तो एक हवा."

मग मी तो एक शोधायला लागलो.

त्यासाठी महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनची आठवण कामी आली. 30 जुलै 2022 ला बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासाच्या आत एक लाख नोंदी झाल्या. त्या दिवसांतला आलेखाचा सुळका आजही दिसतो. गाड्या मात्र सप्टेंबरच्या शेवटी मिळायला लागल्या आणि कित्येकांना त्यापुढे महिनेच्या महिने थांबावं लागलं. आमच्या दुकानात त्या गाड्या यायला लागल्या तेव्हा आलेख केव्हाच खाली आलेला होता. म्हणजे माझ्यासारख्याने सुळक्याकडे बघून फर्मा कापला तर मास्तरांचे चार दिवस आणि माझे पैसे अर्धा वर्ष अडकले. भाचीने सांगितलं की 2009 मध्ये गुगलमधल्या ह्युनयंग चोई आणि हॅल व्हॅरियन या दोघांनी दाखवलं होतं की सरकारी आकडे यायच्या आधीच वाहनविक्रीचा अंदाज शोधांवरून थोडा सुधारता येतो. पण तिकडची विक्री आणि आपल्याकडची 'बुकिंग केलंय, गाडी कधी मिळेल माहीत नाही' ही अवस्था, यांत अंतर आहे.

2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरने मला जे शिकवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगितलं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. त्यानंतर लहान गाड्यांची नावं ट्रेंड्सवर चढायला लागली. मी रोज रात्री शटर ओढल्यावर बघायचो. गणपतीचे दिवस जवळ आलेले, दरवर्षी त्या सुमारास नवीन गाड्या निघतातच, त्यात ही चढण. मी भवानी पेठेतल्या व्यापाऱ्याकडून रेक्झिनचे नेहमीपेक्षा जास्त रोल उचलले.

गणपती आले, गणपती गेले. दुकानात नवी गाडी जवळजवळ नाही. 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला: चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलला 1200 सीसी आणि डिझेलला 1500 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर 28 टक्के आणि वर उपकर होता, तो सरळ 18 टक्के होणार, आणि तेही 22 सप्टेंबरपासून. आलेख आणखी चढला. दुकान आणखी ओस पडलं, कारण मधे पितृपक्ष. ज्याला स्वस्त व्हायची वाट बघायची नव्हती तोही पितृपक्षात गाडी घराकडे आणत नाही. मशीनं बंद, कारागिराला पगार चालू, व्यापाऱ्याचा उधारीसाठी फोन. रात्री मोबाईलवर ती रेषा बघून मला रागही यायचा. लोक शोधतायत ना? मग आहेत कुठे?

मग एका रात्री मी रेषा सोडून तिच्या खालची यादी नीट वाचली. कुठल्याही नावाखाली ट्रेंड्स दोन याद्या देतं. एकीत त्या नावाबरोबर सगळ्यात जास्त शोधलेले शब्द, दुसरीत झपाट्याने वाढलेले. एखादा शब्द पाच हजार टक्क्यांहून जास्त वाढला की आकडा न देता 'ब्रेकआउट' असं लिहितात. तोपर्यंत मी त्या याद्यांकडे लक्षच दिलं नव्हतं. त्या रात्री तिथे नवी किंमत, जीएसटीनंतरची किंमत, कधीपासून, हेच होतं. 'ऑन रोड प्राइस पुणे' नव्हतं, 'वेटिंग पिरियड' नव्हतं, 'ईएमआय' खाली घसरलेलं. म्हणजे गिऱ्हाईक गेलं नव्हतं. तारखेची वाट बघत बसलं होतं. आणि तारीख तर सगळ्यांनाच ठाऊक होती: 22 सप्टेंबर, नेमकी घटस्थापना.

त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत आम्ही रात्री अकरापर्यंत शिवत होतो. सारसबागेच्या गणपतीपुढे पूजा करून, बॉनेटवर हार तसाच ठेवून लोक थेट नाना पेठेत येत होते. आधी उचललेलं रेक्झिन कमी पडलं. रोल घेण्यात चूक नव्हती, महिनाभर आधी घेण्यात होती.

तेव्हापासून मी गाडीच्या नावापेक्षा नावाशेजारचा शब्द बघतो. माझ्या अनुभवात त्या शब्दांना एक क्रम आहे. आधी 'लॉन्च डेट' आणि फोटो, हे नुसतं कुतूहल. मग 'किंमत'. मग दुसऱ्या गाडीशी तुलना. इथे माणूस गंभीर झालेला असतो. 'ऑन रोड प्राइस' आणि पुढे शहराचं नाव आलं की तो शोरूमच्या पायरीवर आहे. 'वेटिंग पिरियड' म्हणजे पैसे भरलेत किंवा भरतोय. आणि 'सीट कव्हर', 'फ्लोअर मॅट', 'फास्टॅग' हे शब्द आले की गाडी दारात आली. असे बारीक शब्द इतके कमी शोधले जातात की एकट्या पुण्याचं त्यातून काही कळत नाही. म्हणून शब्द अख्ख्या महाराष्ट्राचे बघायचे आणि पुण्याचा अंदाज दुसरीकडून घ्यायचा.

ते दुसरीकडे म्हणजे सरकारचा वाहन डॅशबोर्ड. एमएच-12 (पुणे) आणि एमएच-14 (पिंपरी-चिंचवड) मध्ये या महिन्यात किती गाड्यांची नोंदणी झाली, कुठल्या कंपनीच्या, कुठल्या इंधनाच्या, हे तिथे कोणालाही बघता येतं. मॉडेल मात्र कळत नाही. कंपन्या महिन्याच्या पहिल्या तारखेला जे आकडे देतात ते बहुतेक वितरकाकडे धाडलेल्या गाड्यांचे असतात, गिऱ्हाइकाला दिलेल्या नव्हे, हेही मी उशिरा शिकलो. तीनही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र बरंच जुळतं.

सिएराची परीक्षा त्यानंतर आली. टाटाची जुनी सिएरा 1991 ची. तीन दारं, मागे छतापर्यंत वळत गेलेली काच. मास्तरांनी तरुणपणी तिची कव्हरं शिवलेली आहेत. 25 नोव्हेंबर 2025 ला नवी सिएरा आली, 11.49 लाखांपासून, आणि दुसऱ्या दिवशी मास्तरच म्हणाले, "फर्मा घेऊन टाकू या." आलेख शंभरावर होता. आधीच्या वर्षांत ती प्रदर्शनात दाखवली तेव्हाचे उंचवटे त्या सुळक्यापुढे सपाट झाले होते. शिवाय या नावात अमेरिकेतला पिकअप ट्रक, अ‍ॅपलची संगणक प्रणाली, सिएरा लिओन देश, सगळंच मिसळतं, म्हणून विषय नीट निवडून घेतला. तरी रेषा उंचच. खालची यादी वाचली: जुन्या सिएराचे फोटो, किंमत, क्रेटाशी तुलना. मी मास्तरांना म्हटलं, "तुमच्यासारखी आठवण असलेली माणसं पण यात आहेत. थोडं थांबू या का?" ते काही बोलले नाहीत, पण पुठ्ठा परत ठेवला.

16 डिसेंबरला बुकिंग सुरू झालं. 15 जानेवारीपासून गाड्या देणार असं कंपनीने जाहीर केलं होतं. जानेवारीभर मी रेक्झिन मागवलं नाही. शेजारच्या दुकानात तयार कव्हरांचा गठ्ठा येऊन पडला तेव्हा पोटात गोळा आला होता, ते खरं आहे. महिन्याच्या शेवटी यादीत 'वेटिंग' होतं. फेब्रुवारीत एका रात्री पहिल्यांदा 'सीट कव्हर' दिसलं, तळाशी.

त्याच आठवड्यात सिंहगड रस्त्यावरून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांना सिएरा मिळाली होती. मी सरळ सांगितलं की फर्मा तयार नाही, गाडी दोन दिवस ठेवाल तर शिवणावळ घेणार नाही. त्यांनी शनिवारी आणून लावली. मास्तरांनी चप्पल बाहेर काढली, मागचं दार उघडून बाकावर हात फिरवला, मग एअरबॅगची खूण शोधून तिथे खडूची रेघ ओढली.

भिंतीवर फर्मे टांगायला खिळे मोजकेच आहेत. 2023 चा तो फर्मा मी खाली काढला आणि रविवारी रात्री त्या खिळ्यावर सिएराचा लावला.