दार कुणीच वाजवलं नाही

रात्री अडीचच्या सुमारास खिडकीवर निळा उजेड फिरला आणि जाग आली. मास्तरांच्या दारात १०८ उभी होती. मी चपला शोधून बाहेर येईपर्यंत ती काकूंना घेऊन निघालीसुद्धा. आमच्या गेटच्या आत दोन गाड्या, दोन्हींवर कव्हर.

सकाळी त्यांची सून भेटली. "तुम्हाला कशाला त्रास द्यायचा काका, झोपेत असाल म्हटलं." तेव्हापासून तो 'त्रास' डोक्यातून जाईना.

अण्णांच्या वेळी आमच्या गल्लीत एकच चारचाकी होती, आमची. त्याआधी चेतक होती, तीही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली. मग १९९१ ला जुनी मारुती ८०० घेतली. १९८३ ला ही गाडी बाजारात आली तेव्हा नवी कोरी ५० हजारांच्या आत मिळत होती, हे अण्णा येईल त्याला सांगायचे. चावी दाराजवळच्या खिळ्याला असायची. कुणाची सून अडली, कुणाला साप चावला, कुणाला मुलगी बघायला औशाला जायचंय, "अण्णा, गाडी आहे का?" एवढंच विचारायचे लोक. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, जमीन हादरली. अण्णा ८०० घेऊन किल्लारीकडे गेले ते तिसऱ्या दिवशी घरी आले. मागचं सीट आई किती वेळ धूत बसली होती. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही.

पण मला का नाही उठवलं? माणसं माझ्या दाराशी यायची कधी थांबली?

खरं तर मला माहीत आहे. मास्तरांनी एकदा गाडी मागितली होती, धाकटीला बघायला पाहुणे येणार होते, त्यांना स्टँडवरून आणायचं होतं. नवी गाडी घेऊन महिनाच झाला होता. मी म्हणालो, सर्व्हिसिंगला टाकलीय. गाडी मागे पोर्चमध्ये उभी होती आणि त्यांना ती दिसत होती. ते फक्त "बरं, बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

दुपारी जरा शांत झाल्यावर वाटलं, १०८ मध्ये ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतात. माझ्या गाडीत काकूंना नुसतं आडवं केलं असतं. ही सेवा आपल्याकडे २०१४ ला सुरू झाली, ८०० बनवणंही त्याच वर्षी बंद झालं. आता रात्री कुणाच्या दारात उभं राहून मागावं लागत नाही, हे बरंच झालं. मागताना त्या माणसांना काय वाटत असेल, हे अण्णांना तरी कळत होतं का कोण जाणे.

संध्याकाळी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. काकूंना बरं आहे, गुरुवारी सोडतील. मी म्हणालो, "मास्तर, गाडी घेऊन येतो मी, रिक्षा बघू नका."

ते डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बघू."

घरी आल्यावर दोन्ही गाड्यांची कव्हरं काढून ठेवली.