फळीवरचा पेपर

आज स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसायला काढल्या. सगळ्यात वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीखाली, एप्रिल २००४ चा पेपर. तेलाचा गोल डाग आणि त्या डागात अडकलेली बातमी: फलुजा, अमेरिकेच्या ताब्यातल्या इराकमधलं एक शहर. झालं, अर्धा तास स्टुलावरच गेला.

३१ मार्चला तिथे खासगी सुरक्षा कंपनीच्या चार अमेरिकनांना मारलं, जाळलं, दोघांचे मृतदेह युफ्रेटिसवरच्या पुलाला टांगले. तिथल्या अमेरिकन मरीन सैनिकांचे जनरल मॅटिस म्हणत होते, घाई नको, मारेकरी हुडकून काढू. पण ते फोटो जगभर गेले होते. वरून हुकूम आला आणि आठवड्याच्या आत शहरावर हल्ला! मग दुसरी दृश्यं सुरू झाली, इस्पितळातल्या बायकापोरांची. बगदादच्या, अमेरिकेनेच नेमलेल्या इराकी नियामक परिषदेतले लोक राजीनाम्याची भाषा बोलू लागले, ९ एप्रिलला हल्ला थांबवला. मॅटिस यालाही विरोधात. मला तर दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर वाटतं.

शहर मग स्थानिक इराकी सैनिकांच्या 'फलुजा ब्रिगेड'कडे दिलं. ती सप्टेंबरपर्यंत विरघळली. आणि मोठी लढाई? २ नोव्हेंबरला अमेरिकेत मतदान, केरींना हरवून बुश पुन्हा निवडून आले, आणि ७ तारखेला फौजा पुन्हा फलुजावर निघाल्या. योगायोग म्हणणारे म्हणोत बापडे.

"अगं, पेपर बदलतेयस की वाचतेयस?" खालून आई.

तो घडी करून कपाटात ठेवलाय. बरणीखाली कालची पुरवणी घातली.