खाण कंपनीबरोबर जैवविविधतेचा आराखडा राबवताना: माझा अनुभव

संवर्धन संस्थेच्या बाजूने मी खाण कंपनीचा करार वाचायला घेते, तेव्हा आधी तीन कलमं शोधते. पाहणीत जे आढळेल ते कंपनीला अडचणीचं असलं तरी प्रसिद्ध करायचा हक्क संस्थेकडे आहे का? संस्थेचे पैसे निष्कर्षांवर अवलंबून नाहीत ना? आणि खाण बंद झाल्यानंतरच्या वर्षांचा निधी आजच वेगळ्या खात्यात जमा होणार का? यातलं एक जरी कलम नसेल तर सही करू नये. कंपनीचं धोरण बदलू शकतं. रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीने 2004 मध्ये ‘निसर्गाला निव्वळ फायदा’ असं उद्दिष्ट जाहीर केलं आणि 2016 मध्ये सोडून दिलं. कराराने बांधलेला पैसा मात्र असा सहज काढून घेता येत नाही.

कामाचा क्रम ठरलेला आहे: नुकसान टाळा, टळत नसेल तर कमी करा, बिघडलेलं पूर्ववत करा आणि तरीही उरेल त्याची दुसरीकडे भरपाई करा. यात ‘टाळा’ला सगळ्यात कमी खर्च येतो, पण त्याची वेळही सगळ्यात आधी निघून जाते. खड्ड्याची हद्द आणि डंपरचे रस्ते आराखड्यात पक्के होण्याआधी आपला नकाशा नियोजन विभागाच्या टेबलावर हवा. इथे एक साधी चूक वारंवार होते. बऱ्याच खाणी नकाशासाठी स्वतःची स्थानिक ग्रिड, म्हणजे जागा मोजायची वेगळी मापनचौकट, वापरतात आणि आपल्या नोंदी जीपीएसच्या असतात. रूपांतर न करता नकाशे एकमेकांवर ठेवले, तर राखायचा ओढा प्रत्यक्षात रस्त्याखाली जातो. म्हणून सर्वेक्षकाकडून रूपांतराचे आकडे घ्यायचे आणि जमिनीवरच्या दोन-तीन ओळखीच्या खुणांवर ताडून बघायचे.

मूळ पाहणी किमान वर्षभर, सगळ्या ऋतूंत करावी लागते, आणि तीही खनिज शोधायच्या बोअरसाठी रस्ते पडण्याआधी. नाहीतर आधीच तुटलेलं जंगल ‘मूळ स्थिती’ म्हणून कागदावर येतं. खाणीपासून दूर, तशाच अधिवासात तुलनेची ठिकाणंही निवडायची. ती नसतील तर संख्या पाऊस कमी झाल्यामुळे घटली की ब्लास्टिंगमुळे, हे पुढे कधीच सांगता येत नाही.

खरी मेहनत आहे मातीची. जिवंत बियांचा बहुतेक साठा वरच्या 5 ते 10 सेंटिमीटरमध्ये असतो. डोझरने एकाच दमात अर्धा मीटर खरवडलं की तो साठा खालच्या मातीत विरून जातो आणि खोल गाडलेलं बी उगवून वर येत नाही. म्हणून वरचा बियांचा आणि त्याखालचा असे दोन थर वेगळे काढायचे, वेगळे ठेवायचे, आणि पसरतानाही तोच क्रम पाळायचा. माती ओली असताना काम नको, यंत्रांखाली ती घट्ट दाबली जाते. सगळ्यात उत्तम म्हणजे माती उचलून त्याच हंगामात तयार जागेवर थेट पसरणं. साठवावीच लागली तर ढीग 2 मीटरपेक्षा उंच नको. उंच ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, मुळांना साथ देणारी बुरशी आणि बिया मरतात.

जागेचा हिशेब आधीच मांडून द्यावा. 20 हेक्टरवरचा 10 सेंटिमीटर थर म्हणजे 20,000 घनमीटर. 2 मीटरच्या ढिगाला एक हेक्टर लागतो, शिवाय ढिगाच्या कडांचा उतार आणि खणल्यावर मातीला येणारा फुगवटा धरून आणखी. ही जागा नकाशावर राखलेली नसली तर ढीग उंच होत जातो, किंवा माती रस्त्याकडेच्या बांधाला वापरली जाते. पसरण्याआधी तळ समपातळी रेषेत खोल फोडून घ्यायचा. दाबलेल्या तळात मुळं शिरत नाहीत, पाणी वाहून जातं. यंत्रांची चाकंही धुवायची. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बॉक्साइट पट्ट्यात जारा ही तिथली झाडं मारणारा फायटोफ्थोरा हा रोगकारक सूक्ष्मजीव चाकांच्या चिखलातूनही पसरतो.

भरपाईचं गणित क्षेत्र गुणिले अधिवासाचा दर्जा (0 ते 1) असं करतात. 0.8 दर्जाचे 100 हेक्टर गेले, म्हणजे 80 गुण गेले. दुसरीकडे 200 हेक्टर 0.2 वरून 0.5 वर नेले तर 60 मिळतात. 20 अजून देणं आहे. जे जंगल तसंही सुरक्षित होतं त्याचे गुण शून्य धरायचे. तोड शेजारच्या डोंगरावर सरकली असेल तर तेवढे गुण वजा करायचे. मादागास्करमधल्या अंबातोवी खाणीच्या चार भरपाई क्षेत्रांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. खाणीने जितकं जंगल घालवलं, जवळपास तितकं वाचवण्याच्या मार्गावर ती क्षेत्रं असल्याचं त्यात दिसलं. पण तिथे शेतीवर आलेल्या बंधनांचा भार गावकऱ्यांवर पडला. त्यांच्या पर्यायी उपजीविकेची रक्कम भरपाईच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धरली पाहिजे.

आणि ‘संख्या घटल्यास योग्य ती कारवाई’ हे वाक्य मी मसुद्यातून खोडते. त्याऐवजी लिहून घेते: कोणती प्रजाती, किती टक्के घट, सलग किती पाहण्यांत, त्यानंतर किती दिवसांत कोणत्या बेंचवरचं, म्हणजे खाणीच्या कोणत्या पायरीवरचं, काम थांबेल, आणि थांबवण्याचा आदेश कोणत्या पदावरची व्यक्ती देईल.