लोई फुलरचं कापड अखेर हललं

लोई फुलर ही झग्याचं कापड हवेत फिरवत नाचणारी अमेरिकन नर्तकी. तिचं ते हलतं कापड जलरंगात काढणं एक्केचाळिसाव्या कागदावर काल रात्री जमलं. ओला असतानाच अंदाज आला होता, पण जलरंग वाळताना किती फिरतो ते तुम्हाला सांगायला नको. सकाळी उठून आधी तोच पाहिला. उजवीकडचा घोळ अजून वर चढत होता आणि डावीकडचा खाली कोसळत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मालिका तुम्हाला माहीत आहेच: आधुनिक नृत्यातला एक नर्तक, आणि त्याला ज्या चित्रकाराने पाहिलं त्याची पद्धत. नर्तकी इसाडोरा डंकन आणि चित्रकार वॉकोविट्झ ही जोडी मजेत झाली. त्याने तिची हजारो रेखाटनं केली, प्रत्येक आकृती एका दमात. त्याच रीतीने मी शाईत दोनशे केली आणि हात मोकळा झाला. मग जर्मन नर्तकी ग्रेट पालुका. 1926 मध्ये चित्रकार कँडिन्स्कीने शार्लोट रुडॉल्फने काढलेल्या फोटोंवरून तिची चार रेखाचित्रं केली, शरीर काढून टाकून वक्र आणि सरळ रेषा तेवढ्या ठेवल्या. तेही जमलं. पण या दोघींकडे शरीर होतं. खांदा, कंबर, गुडघा, रेषेला धरायला काहीतरी होतं. लोई फुलर कापडात नाहीशी होते. 1892 च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या फोली बर्जेर या नाट्यगृहाच्या रंगमंचावर आली तेव्हा तिथल्या चित्रकारांना तिने वेड लावलं ते यामुळेच, आणि माझे चाळीस कागद वाया गेले तेही यामुळेच.

माझी आकृती प्रत्येक वेळी फुलासारखी व्हायची. सुंदर, रंगीत, आणि जागच्या जागी थिजलेली. मागच्या नोंदीत मी दोष कागदाला दिला होता. तो अर्धा खरा होता: सेल्युलोज कागदावर ओल्यावर ओला रंग मोठ्या आकारात सोडायला जाऊच नका, कडा कुठे सुकेल याचा भरवसा नाही. 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) शंभर टक्के कॉटनचा, किंचित खरखरीत 'कोल्ड प्रेस' कागद घेतल्यावर वॉश, म्हणजे रंगाचे पातळ थर, नितळ बसू लागले. कागदाचा भाग रंगापासून झाकून ठेवणाऱ्या मास्किंग फ्लुइडनेही घात केला. पांढरी घडी राखायला लावलं, तर काढताना कागदाची साल निघाली. माझ्या मते एवढ्या मोठ्या मऊ आकारांत त्याचं काही काम नाही, पांढरं राखायचं असेल तर ब्रशनेच राखावं. एवढं सगळं सुधारूनही कापड हलेना.

इथे एक दुरुस्ती करते. मागच्या दोन्ही नोंदींत मी जिला 'फुलरची फिल्म' म्हटलं होतं ती तिची नाही. 1890 च्या दशकातल्या त्या हाताने रंगवलेल्या सर्पंटाइन नृत्याच्या, म्हणजे फुलरच्या झगा फिरवण्याच्या नाचाच्या, फिल्म तिच्या पावलावर पाऊल टाकणाऱ्या नर्तकींच्या आहेत. एडिसनच्या फिल्ममध्ये त्यांच्यापैकीच एक, अ‍ॅनाबेल आहे. दोन महिने मी दुसरीच बाई काढत होते. आता संदर्भ म्हणून सॅम्युएल जोशुआ बेकेटने 1900 च्या सुमारास काढलेले फुलरचे फोटो घेतले. ते उघड्यावर, उन्हात काढलेले असल्यामुळे कापड कुठे ताणलंय आणि कुठे सैल आहे ते स्वच्छ दिसतं.

या नकलांवरून फुलर 1892 मध्येच न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली होती आणि हरली. या नाचात गोष्ट नाही, पात्र नाही, म्हणून ती नाट्यरचना होत नाही, असं कोर्टाने ठरवलं. मला हे वाचून अजूनही वाईट वाटतं. गोष्ट नाही, पात्र नाही, नुसती गती आहे, म्हणून तर चित्रकार तिच्यामागे लागले! दोन वर्षांनी, 1894 मध्ये, तिने पोशाखावर पेटंट घेतलं. झग्याच्या आत काठ्या, आणि त्या नर्तकीच्या हातात. या काठ्यांबद्दल मी कितीदा वाचलं होतं, पण त्यांचा चित्राशी संबंध जोडला नव्हता.

मग गेल्या पंधरवड्यात रंग बाजूला ठेवले आणि पातळ रेशमी कापड घेऊन बाही शिवली, दीड मीटर घोळ, आत वेताची काठी. आरशासमोर फिरवून काही कळेना, कारण फिरवताना लक्ष हाताकडेच जातं. म्हणून फोन स्टँडवर लावून सेकंदाला 240 फ्रेमने चित्रण केलं आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बसले. तिथे उलगडा झाला. हात वर पोचून खाली वळतो त्या क्षणी कापडाची कड अजून अर्ध्या वाटेत असते, वरच जात असते. ती शेंड्याला पोचते तेव्हा हात खाली येऊन गेलेला असतो. मधलं अंतर साधारण 80 फ्रेमचं, म्हणजे एक तृतीयांश सेकंद. कड आत्ता जे दाखवते ते हाताने मघाशी केलेलं असतं.

माझ्या चाळीसही कागदांवर हात वर आणि कापडही वर होतं. दोन्ही एकाच क्षणाचे. असं फक्त थांबलेल्या कापडाचं होतं.

आता रीत अशी बसवली आहे. आधी पेन्सिलीने दोनच वक्र: एक हाताच्या वाटेचा, दुसरा कडेचा, पण कडेचा वक्र 80 फ्रेम आधीच्या हातावरून काढायचा. दोघांना जोडणाऱ्या बारीक रेषा टाकल्या की त्या जिथे दाटतात तिथे सावली, जिथे फाकतात तिथे कोरा कागद. मग दीड इंची चपटा ब्रश, अल्ट्रामरीन आणि क्विनाक्रिडोन मजेंटा, आणि फटकारा कायम हाताकडून कडेकडे. लहर ज्या दिशेने धावते त्याच दिशेने. उलटा फटकारा मारला की चित्र मरतं, तीन कागदांवर पाहिलं. कडेलगत दोन सेंटिमीटरची पट्टी कोरडी ठेवते. आतला रंग मऊ पसरतो आणि त्या पट्टीवर येऊन धारदार थांबतो. ही पट्टी मला छत्तिसाव्या कागदावर चुकून सापडली, तिथे पाणी पोचलंच नव्हतं. तेवढा तुकडा कापून फळ्यावर टाचून ठेवलाय.

प्रकाशाचं काम मात्र अजून बाकी आहे. फ्रेंच चित्रकार तुलूज-लोत्रेकने 1893 मध्ये फुलरचं शिलामुद्रण केलं, सुमारे साठ प्रती, आणि रंगसंगती प्रतीगणिक वेगळी. काहींवर सोन्याची किंवा चांदीची पूड. बदलणाऱ्या दिव्यांखालची बाई एका चित्रात मावणार नाही हे त्याने ओळखलं होतं. मी अभ्रकाची पूड गम अरेबिकमध्ये (डिंकात) कालवून लावली तर चिखल दिसला. कागद जेमतेम दमट असताना कापसाच्या बोळ्याने नुसत्या कडेवर टिपली तेव्हा कुठे झळाळी आली. एक्केचाळिसाव्याच्या आणखी पाच प्रती करायच्या, रेखाटन तेच, रंग वेगळे.

त्यानंतर जर्मन चित्रकार ऑस्कर श्लेमरचं नृत्य 'ट्रायडिक बॅले' घ्यायचं ठरलं होतं, 1922 चं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहमचं नृत्य 'लॅमेंटेशन', 1930. बाकावर बसलेली एकटी नर्तकी, अंगावर ताणल्या जाणाऱ्या जर्सी कापडाची नळी. तिथे कापड मागे राहतच नाही. कोपर ढकललं की त्याच क्षणी कापडावर ताण उमटतो. फुलरच्या बरोबर उलट! या दोघी शेजारी शेजारी लावायलाच हव्यात, श्लेमर थांबेल.

अडचण एकच, चित्रकार कोण? ग्रॅहमला जवळून पाहिलेला इसामु नोगुची शिल्पकार. पण 1930 मध्येच तो पेकिंगला चिनी चित्रकार ची बाइशीकडे ब्रश शिकला आणि त्याने मोठाली शाईचित्रं केली: बारीक रेषेची मानवी आकृती, आणि तिच्यावरून एकच जाड, फुगत जाणारा फटकारा. ती ग्रॅहमची चित्रं नव्हेत, तरी बारीक रेषेत शरीर आणि जाड फटकाऱ्यात कापडाचा ताण, याहून चपखल काय मिळणार? नर्तकाला पाहिलेलाच चित्रकार घ्यायचा, हा मालिकेचा नियम थोडा वाकवते.

जर्सी कापून ठेवली आहे. उद्या नळी शिवून स्वतः आत बसणार, ताण कोपराकडून गुडघ्याकडे कुठल्या वाटेने जातो ते आधी अंगावर समजून घ्यायचं. फोन स्टँडवर आहेच.