लिब्रेऑफिस नोंद: पहिला पॅच गेरिटवर चढला

लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या कोडमधला माझा पहिला बदल (पॅच) गेरिट या बदल तपासायच्या संकेतस्थळावर पाठवायचा होता. त्यासाठी आधी बिल्ड हवं, म्हणजे अख्ख्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं. फर्मागुडीच्या हॉस्टेलवर ते जमण्यातलं नव्हतं. चवथीच्या सुट्टीत डिचोलीला घरी आलो आणि लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. ऑटोजेन (बिल्डची तयारी), मग मेक (प्रत्यक्ष बिल्ड), मग झोप. सकाळी पंखा अजून गरगरत होता. आई म्हणाली, "एवढं काय शिजतंय रे त्यात?" लाखो ओळींचं सी++, दुसरं काय!

नव्याने येणाऱ्यांनी सीकॅश आधी बसवा. कंपाइल झालेल्या फाइलींचा निकाल तो साठवतो, म्हणून सगळं पुसून पुन्हा बिल्ड केलं तरी वेळ वाचतो. आणि मध्येच वीज गेली तरी मेक झालेलं सोडून उरलेलंच करतो. आपल्याकडच्या पावसात हे काही थोडं नाही.

काम ईझी हॅकमधलं, म्हणजे नवख्यांसाठी ठेवलेल्या सोप्या कामांतलं घेतलं: ॲरेतले (मूल्यांच्या रांगेतले) घटक मोजणारा प्रकल्पाचा जुना मॅक्रो (कोडचा आखूड साचा) काढून तिथे एसटीडी साइज (std::size) घालायचं. सी++१७ पासून ही सोय भाषेतच आहे, मग घरचा मॅक्रो कशाला सांभाळायचा? 'शोधा आणि बदला' एवढ्यात भागेल असं वाटतं, पण तसं नाही. लूप नुसता अख्ख्या ॲरेवरून फिरत असेल तर मोजायचीच गरज नसते, रेंज-फॉर (घटक एकेक करून आपोआप हाती देणारा लूप) लिहिला की इंडेक्स (घटकाचा क्रमांक) गळून पडतो. इंडेक्स आत वापरलेला असेल, तिथेच साइज. म्हणजे प्रत्येक जागा वाचायची. माझ्या मते या कामाची खरी कमाई ती वाचण्यातच आहे. हा प्रकल्प २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळा झाला, पण कोड त्याहून कितीतरी जुना. थर दिसतात.

माझा कोड मुक्त परवान्यांखाली देतोय असं निवेदन आधीच मेलने पाठवलं होतं (एमपीएल आणि एलजीपीएल, दोन्ही). गेरिटवर गिटहबसारखी पुल रिक्वेस्ट नसते, एकेक कमिट (नोंदवलेला बदल) तपासला जातो. परीक्षकाने आणखी एका लूपमध्ये रेंज-फॉर सुचवला, तेव्हा नवा कमिट न करता तोच अमेंड करून (सुधारून) परत ढकलला. चेंज-आयडी (बदलाची ओळखखूण) तोच राहिला की त्याच पानावर दुसरा पॅच-सेट (त्याच बदलाची पुढची आवृत्ती) दिसतो. जेनकिन्स या आपोआप बिल्ड करून पाहणाऱ्या यंत्रणेने लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे बिल्ड करून हिरवा कौल दिलाय. पॅच मर्ज व्हायचा (मूळ कोडमध्ये मिसळायचा) बाकी आहे.

तोवर बिबिसेक्ट शिकतोय. त्यात जुनी बिल्ड तयारच मिळतात, त्यामुळे कंपाइल न करता बिघाड कधी शिरला ते शोधता येतं. कोणाकडे जुन्या आवृत्तीत नीट दिसणारी आणि नव्यात जोडाक्षरं मोडणारी मराठी ओडीटी फाइल (लिब्रेऑफिसमधला मजकुराचा दस्तऐवज) असेल, भजनी मंडळाची पत्रिका का असेना, तर ती पुसू नका. मला द्या.